कॅमेरा जवळ जात नाही

अकिरा कुरोसावाचा 'देर्सू उझाला' १९७५ साली आला. दिग्दर्शक जपानी, निर्मिती मोसफिल्मची, संवाद रशियन, आणि ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर टिपलेलं उसुरी खोऱ्यातलं जंगल. झारच्या सैन्यातला कॅप्टन व्लादिमिर आर्सेन्येव्ह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या मुलखाची मोजणी करायला गेला. तिथं त्याला देर्सू हा नानाई जमातीचा शिकारी भेटला आणि वाटाड्या म्हणून सोबत आला. देर्सूची बायकामुलं देवीच्या साथीत गेलेली. आग, पाणी, वारा, वाघ या सगळ्यांना तो माणसांत धरतो आणि त्यांच्याशी तसंच बोलतो. आर्सेन्येव्हनं लिहून ठेवलेल्या आठवणींवर हा चित्रपट उभा आहे. परभाषी चित्रपटाचं ऑस्करही त्याला मिळालं.

मी लाकडी ठसे करते. माझ्या कामाला जे वळण लागलं त्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे, असं मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही. सर कोल्हापूरचे, जन्मभर जागेवर बसून निसर्गचित्रं केलेले. रंग कालवायला मी त्यांच्याकडे शिकले. त्यानंतर हा विषय आमच्यात पुन्हा पुन्हा निघत राहिला. त्या बोलण्यातला मला मोलाचा वाटलेला भाग इथं मांडते आहे. सरांच्या हरकती त्यांनी घेतल्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्यातल्या काही मला आजही खोडता येत नाहीत.

सर : निसर्गावरचा चित्रपट बघून निसर्ग कळतो, हे मला मान्यच नाही. पडद्यावर दिसतं ते कुणीतरी आधीच निवडलेलं असतं. चौकट त्याची, उजेड त्याचा, कशाकडे किती वेळ बघायचं हेही त्यानंच ठरवलेलं. तू नुसती खुर्चीत बसलेली. पंचगंगेच्या घाटावर सकाळी सातला बसलं की नऊपर्यंत सावली पार सरकते. आधी लावलेला निम्मा रंग खोटा पडतो. आता सावली सातची ठेवायची की नऊची, हे तुला ठरवावं लागतं. ते ठरवायची सवय म्हणजे चित्रकला. चित्रपटात तुझ्यासाठी ठरवायला काय शिल्लक ठेवलंय?

मी : घाटावर बसणं मी सोडलेलं नाही, सर. आणि चित्रपट बघून मला जंगल कळलं असंही मी म्हणत नाही. मला त्यातून मिळालं ते अंतर. कुरोसावाचा कॅमेरा या चित्रपटात जवळ जातच नाही. चेहऱ्याचं मोठं दृश्य शोधावं लागतं. कुणी रडलं तरी, कुणी मेलं तरी कॅमेरा आहे तिथंच उभा. माणसं खाली कोपऱ्यात, बोटाएवढी, आणि उरलेल्या चौकटीत झाडं, धुकं, बर्फ. 'सेव्हन सामुराई'त पावसाचिखलात घुसणारा दिग्दर्शक इथं हात बांधून उभा आहे. मी तोवर ठसा कोरायची तो झाडाच्या सालीला नाक लावून. खोड सगळी फळी व्यापायचं. जवळ गेलं म्हणजे प्रेम, असं मला वाटायचं.

सर : अंतर शिकायला रशिया कशाला? आबालाल रहमान जे. जे.त शिकून परत आले आणि कोल्हापुरात कोटितीर्थाच्या काठी राहिले. तेच पाणी, तीच झाडं, पुन्हा पुन्हा रंगवली. १९३१ साली गेले. त्यांना कुणाच्या चित्रपटाची गरज पडली नाही.

मी : आणि त्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला. १९२०चा 'सैरंध्री' एका चित्रकारानं केला. दामले आणि फत्तेलाल पडदे रंगवता रंगवता चित्रपटात शिरले आणि पुढं 'संत तुकाराम'पर्यंत पोचले. चंद्रकांत मांडरे पडद्यावरचे नायक आणि निसर्गचित्रकारही. आपल्या गावात ही दोन घरं वेगळी होती कधी?

सर : तू नावं बरोबर घेतलीस, पण प्रवासाची दिशा बघ. ही सगळी माणसं हातात ब्रश घेऊन चित्रपटाकडे गेली. हात आधी तयार होता. तू उलटं सांगतेस, चित्रपट बघून ब्रश सुधारतो म्हणतेस. कुरोसावाचंच घे की. चित्रकार व्हायचं होतं त्याला. अठराव्या वर्षी, १९२८ साली, निका प्रदर्शनात त्याचं चित्र लागलं होतं. पुढं 'कागेमुशा'ला पैसे उभे राहत नव्हते तेव्हा त्यानं एकेक दृश्य रंगवून ठेवलं. म्हणजे तुला जे अंतर चित्रपटातून मिळालं म्हणतेस, ते मुळात एका चित्रकाराच्या डोळ्यातलंच आहे.

मी : मग माझं काय चुकलं? एका चित्रकाराचा डोळा मला चित्रपटाच्या वाटेनं मिळाला.

सर : चुकलं असं नाही गं. मला भीती वेगळीच आहे. हल्ली मुलं मोबाइलवर चार दृश्यं थांबवतात, त्यांची छायाचित्रं काढतात आणि ती बघून लँडस्केप करतात. रंग सुरेख, रचना चोख, आणि चित्रात हवा नाही. उन्हाचा चटका नाही. बसायला दगड कुठला होता तेसुद्धा त्यांना ठाऊक नाही. आणि जागा कुठलीही चालते असंही नाही. ही गोष्ट कुरोसावाच्या मनात फार आधीपासून होती, तो साहाय्यक होता तेव्हापासून. होक्काइदोत करायचा विचार होता, पण ते जमेना. कारण ते जंगल हे जंगल नव्हतं. अखेर तो उसुरीलाच गेला. तुझा दिग्दर्शक माझ्या बाजूचा आहे.

इथं सरांचा मुद्दा मला पुरता मान्य आहे. थांबवलेल्या दृश्यावरून केलेलं चित्र मलाही ओळखू येतं. पण चित्रपट थांबवला की त्यातलं सगळ्यात कामाचं जातं, ते म्हणजे वेळ. खांका सरोवरावरचा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगते. कॅप्टन आणि देर्सू दोघंच गोठलेल्या सरोवरावर जातात. वाऱ्यानं पावलांच्या खुणा पुसून जातात आणि परतीची वाट सापडत नाही. सूर्य खाली येऊ लागतो. देर्सू फक्त एवढंच सांगतो की गवत काप, भराभर काप. मग दोन माणसं वाळलेलं लव्हाळं कापत राहतात. संवाद जवळजवळ नाही. वारा, पात्यांची सळसळ, धापा. उजेड पिवळा होतो, तांबूस होतो, निळा पडतो. बघणाराचे हात दुखायला लागतात. कॅप्टन कोसळतो. देर्सू मोजणीच्या थिओडोलाइटची तिपाई उभी करतो, तिच्यावर गवताचे भारे रचतो, दोरीनं आवळतो, आणि कॅप्टनला आत ओढून घेतो. रात्र त्या गवताच्या पोटात निघते. हे सगळं एका दृश्यात थांबवून बघितलं तर उरतो गवताचा ढीग. बघताना जो वेळ लागतो तोच त्या प्रसंगाचा ऐवज आहे.

मी : सर, तुमच्या घाटावर सरकते ती सावली आणि खांकावर उतरतो तो उजेड, यांत मला फरक वाटत नाही. दोन्ही ठिकाणी वेळ संपत चाललाय आणि हात चालवायचा आहे.

सर : फरक आहे. घाटावर वेळ माझा संपतो. तिथं त्यांचा संपतो. पण तू सांगतेस तो प्रसंग थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. मला त्यात दुसरंच दिसलं. ती तिपाई. कॅप्टन त्या मुलखात कशासाठी गेला होता? नकाशा करायला. कुणासाठी? सैन्यासाठी, झारसाठी. नकाशा झाला की मागनं रस्ता येतो, करवत येते, वस्ती येते. देर्सूवर त्याचा जीव होता, खरं आहे. पण त्याच्या खांद्यावर होती ती देर्सूचं जंगल संपवणारी वस्तू. आणि आपण चित्रकार तरी काय करतो? चौकट धरतो, माप घेतो, उचलून घरी आणतो. गगनबावड्याच्या धुक्याची किती चित्रं मी विकली असतील. त्या धुक्याला त्यातलं काय मिळालं?

मी : चित्रपटाला हे माहीत आहे, सर. तो सुरू कुठं होतो बघा. साल १९१०. कॅप्टन देर्सूची कबर शोधतोय आणि सापडत नाही, कारण खुणेची मोठी झाडं तोडून तिथं वस्ती उभी राहतेय. पुढची सगळी मैत्री आपण हे ठाऊक असताना बघतो. आणि शेवटी देर्सूचा जीव कशानं जातो? कॅप्टननं प्रेमानं दिलेल्या नव्या बंदुकीपायी. ती बंदूक भारी होती म्हणून कुणीतरी त्याला मारलं असावं, असंच कॅप्टनलाही वाटतं. कुरोसावा कॅप्टनला सोडत नाही. फक्त आवाज चढवत नाही.

सर : बरं, पण देर्सूला तरी कुठं धरलंय? फार गोड माणूस केलाय तो. जंगलातला साधुपुरुष. त्याला राग येतो तोही आपल्या भल्यासाठी. मॅक्सिम मुंझुक हा थोर नट, पण तो तुवाचा. नानाई माणसाला स्वतःबद्दल काय म्हणायचं होतं ते या चित्रपटात कुठंच नाही. आपल्याकडं आदिवासी पाड्यावर जाऊन तारपा आणि डोंगर रंगवून येणारे कमी आहेत का? तूही त्या वाटेनं जाशील, ही माझी खरी काळजी.

मी : देर्सू सबंध चित्रपटभर कॅप्टनच्या आठवणीतनंच दिसतो, हे बरोबर आहे. त्याचा एकट्याचा असा काळ चित्रपटात नाही. पण तो गोडच आहे असं मला नाही वाटत. वाघावर गोळी झाडल्यानंतरचा देर्सू आठवा. घाबरलेला, चिडका, कुणावरही ओरडणारा. नजर कमी होत चाललीय, नेम चुकतोय. जंगल आता आपल्याला ठेवून घेणार नाही, या धास्तीनं तो कॅप्टनच्या पायाशी येतो. ज्याला निसर्गाशी एकरूप वगैरे म्हणतात त्याच माणसाला निसर्गाची एवढी भीती वाटते, हे मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही. माझ्या ठशांमध्ये भीती नव्हतीच. झाडं सगळी आजोबांसारखी प्रेमळ.

सर : हे मात्र खरं बोललीस. माझ्याही चित्रात पंचगंगा कधी पुराची नाही. २०१९ला पाणी गावात आलं, तरी मी नंतर रंगवला तो घाट कोरडाच.

मी : का?

सर : पुरात कुठं बसणार रंगवायला? आणि पूर ओसरल्यावर हात धजेना. तू पुढं बोल.

मी : मी काय बदललं ते सांगते, म्हणजे नुसतं चित्रपटाचं कौतुक होणार नाही. शिरोलीच्या कारखान्यांत यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांतून. ती खोकी फुटून वखारीत किंवा चुलीत जातात. मी त्या फळ्या घेते. पाइनच्या फळीत वर्षावर्षाच्या रेषा असतात, एक मऊ पट्टा आणि एक कडक. तारेच्या ब्रशनं रेषांच्या दिशेनं घासलं की मऊ भाग झिजतो आणि कडक रेष वर येते. मग रोलरनं शाई लावून कागद दाबला की झाडानं स्वतः वाढताना काढलेलं चित्र उमटतं. आधी मी या रेषा पुटी भरून बुजवायची, कारण माझ्या आकृतीच्या आड यायच्या. आता तीन भाग फळी तशीच ठेवते. कोरायचं ते खाली, कडेला, थोडंसं. एक माणूस, एक बैल, एखादा विजेचा खांब. बाकीचं आभाळ म्हणा, पाणी म्हणा, फळीचं.

सर : हे अंतर झालं?

मी : माझ्यापुरतं झालं. ठशात जे कोरलं ते पांढरं होतं आणि जे राखलं ते काळं. पटाशी चालली की ती जागा गेली, परत येत नाही. म्हणून कुठं हात लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं. सैनिक दोरीला टांगलेल्या बाटलीवर नेम धरून गोळ्या वाया घालवतात, तेव्हा देर्सू बाटली फोडत नाही, दोरी तोडतो. बाटली जंगलात मिळत नाही, ती फोडायची कशाला, एवढाच त्याचा हिशोब. मला तो प्रसंग कोरताना आठवतो. कमीत कमी कुठं कापलं तर काम होईल?

सर : दोरीचा प्रसंग चांगला सांगितलास. पण ही हातोटी आहे, कारागिरी आहे. याला चित्रपटाची प्रेरणा म्हणायचं का, याबद्दल मी अजून साशंकच आहे. चांगला सुतारही तुला हेच सांगेल.

मी : सुतारानं सांगितलं असतं तर त्याचंच नाव घेतलं असतं. मला देर्सूनं सांगितलं.

सर हसले. पण मला पुढचा प्रसंग सांगायचा होता, कारण माझ्या कामाची नुसती रचना नव्हे, रीतच त्यानं बदलली. मोजणीची तुकडी एका पडक्या झोपडीत रात्र काढते. सकाळी निघताना देर्सू छप्पर दुरुस्त करत बसतो आणि कॅप्टनकडे थोडे तांदूळ, मीठ आणि काडेपेटी मागतो. भूर्जाच्या सालीत गुंडाळून ते झोपडीत ठेवून द्यायचं. मागनं कुणी येईल, त्याला लागेल. कॅप्टन विचारतो, तू परत इकडे येणार आहेस का? देर्सू येणार नसतो. येणारा कोण हेही त्याला ठाऊक नसतं. मोजणी करणाऱ्या माणसाला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं की या जंगलात आपल्या आधी आणि आपल्या नंतरही माणसं आहेत. चित्रपटातला कॅमेरा इथंही लांबच आहे. तांदळाच्या पुडीचं मोठं दृश्य कुठलाही दुसरा दिग्दर्शक घेईल. त्यानं घेतलेलं नाही.

मी : ठशाची आवृत्ती पूर्ण झाली की फळीवर आडव्या रेघा मारून ती रद्द करायची, अशी आमच्यात पद्धत आहे. म्हणजे पुन्हा छाप निघू नये, विकत घेणाऱ्याला खात्री राहावी. मी ते थांबवलं. आता आवृत्ती झाली की फळी रंधून सपाट करते आणि शिकणाऱ्या मुलांना देते. माझा ठसा त्यातही रद्द होतोच, पण फळी जगते. एका मुलीनं तशाच फळीवर तिच्या आजीचा गोठा कोरला. माझी एक खोल गेलेली रेष रंध्यालाही निघाली नव्हती. तिनं ती गोठ्याची गव्हाण केली.

सर : ही काटकसर झाली.

मी : मीठ-तांदूळही तेवढेच होते.

सर : ठीक. आता माझं ऐक. मला त्या चित्रपटातला चित्रकार सगळ्यात जास्त कुठं दिसला सांगू? जंगलात नाही. खाबारोव्स्कच्या घरात. नजर गेलेला देर्सू कॅप्टनच्या घरी राहायला येतो. पाण्याला पैसे द्यावे लागतात हे बघून त्याचं डोकं फिरतं. सरपण विकत का घ्यायचं म्हणून बागेतलं झाड तोडतो तर पोलीस धरतात. आणि मग तो नुसता विस्तवासमोर बसून राहतो. भिंती, पडदे, समोवार. तोवर दोन तास चौकट मोकळी होती, ती अशी आवळलेली की माझाच श्वास अडकला. कुरोसावानं जंगल दाखवलं ते या खोलीसाठी. हे मला आत्ता तुझ्याशी बोलताना सुचतंय.

मी : म्हणजे चित्रपटानं तुम्हालाही काहीतरी दिलं.

सर : खोली रंगवावीशी वाटली, एवढं म्हणतो. निसर्गचित्रकारानं खोली रंगवायची. आतून. खिडकी बंद ठेवून. बघू जमतं का. पण तुझ्या वर्गात हा चित्रपट दाखवायचा असेल तर माझ्या अटी आहेत.

मी : सांगा.

सर : मोबाइलवर नाही. ७० मिलिमीटरचा चित्रपट हातभर पडद्यावर बघितला तर माणूस कोपऱ्यात दिसणारच नाही, मग अंतर कसलं शिकवणार? मोठा पडदा, अंधार, आणि मधे कुणी उठायचं नाही. हातात वही नको. पडद्यावरचं काहीही उतरवून घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना रंकाळ्यावर न्यायचं आणि दोन तास बसवायचं, चित्र नाही झालं तरी चालेल. आणि चित्रपट सबंध दाखवायला वेळ नसेल तर खांकाचा प्रसंग दाखव, झोपडीचा दाखव. कड्यावर दोघं उभे आहेत, एका बाजूला मावळता सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र, तो दाखवायचा नाही.

मी : का? सगळ्यांना तोच आठवतो.

सर : म्हणूनच. तो पोरं लगेच रंगवायला घेतील.